वैऱ्याचं गाढव, भावाचं गाढव

आजचे वाचन: निर्गम २३:१-९ आणि अनुवाद २२:१-४
मननासाठी वचन: निर्गम २३:५



आपल्या वाचनक्रमात निर्गम चालू आहे. सिनाय पर्वत झाला, दहा आज्ञा झाल्या, आणि आता आपण त्या भागात आलो आहोत जिथे बरेच वाचक पानं भराभर उलटतात. कोणाचा बैल कोणाला लागला, कोणाच्या शेतात कोणाची जनावरं शिरली, कोणी कोणाकडे काय ठेवायला दिलं. एखाद्या तलाठ्याच्या कचेरीत बसल्यासारखं वाटतं. पण परमेश्वराला आपल्या बैलाची, बांधाची आणि गाढवाची माहिती आहे, ही मला फार दिलाशाची गोष्ट वाटते. तो फक्त पर्वतावर बोलत नाही, गोठ्यातही येतो.

आजचं वचन गाढवाचं आहे. थोडक्यात सांगतो, पवित्र शास्त्र उघडून तुम्ही स्वतः वाचालच. तुझा द्वेष करणाऱ्या माणसाचं गाढव ओझ्याखाली पडलेलं तुला दिसलं, तर त्याला तसंच सोडून पुढे जाऊ नकोस, त्याच्याबरोबर हात लावून ते मोकळं कर, असं परमेश्वर इस्राएलाला सांगतो.

तीन वर्षांपूर्वी याच वचनावर मी इथे लिहिलं होतं. वैऱ्यालाही मदत करा, मन मोठं ठेवा, असं बरंच काही. काल रात्री ते लिखाण काढून पुन्हा वाचलं. त्यात चूक काही नाही. पण सगळं लिखाण एका गृहीतावर उभं आहे, आणि ते म्हणजे गाढव नेहमी दुसऱ्याचं पडतं. मी आपला रस्त्याने ताठ चाललेलो, आणि मोठ्या मनाने थांबणारा!

या वेळी गाढव माझं पडलं.

झालं असं. आमचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गाडी घरी राहिली. एनफिल्डची क्लासिक ३५०. वजन १९५ किलो, म्हणजे दोन क्विंटलला पाच किलो कमी. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल म्हणून आठवड्यातून एकदा मी ती बाहेर काढतो. खरं सांगायचं तर बॅटरी हे अर्धंच कारण आहे. माझी उंची बेताची, वय अठ्ठावन्न, घरात चांगली स्कूटर आहे. पण त्या गाडीवरून मंडळीत गेलं की तरुण पोरं वळून बघतात, ते मला आवडतं. आता कबूल करायला बसलोच आहे, तर हेही लिहून टाकतो.

बुधवारची प्रार्थना सभा त्या आठवड्यात आमच्या एका सभासदाच्या घरी होती. मृगाचा पहिला पाऊस दुपारीच पडून गेला होता. गल्ली अरुंद, उताराची, एका बाजूला गटारासाठी टाकलेली खडी आणि तिच्यावर काळ्या मातीचा चिकल. सभा छान झाली. शेवटचं आमेन झालं, आतून चहाचे कप वाजायला लागले, आणि मी उठलो. यजमान बाई म्हणाल्या, "अहो, चहा?" मी म्हणालो, "राहू द्या, पाऊस येतोय."

पाऊस येत नव्हता. दाराजवळच्या खुर्चीवर गुरुजी बसले होते.

गुरुजींविषयी आधी सांगायला हवं. हे लिहिण्याआधी मी त्यांची परवानगी घेतली आहे. नाव लिहीत नाही, आमच्या मंडळीतल्या लोकांना ते कळेलच. निवृत्त प्राथमिक शिक्षक. आम्ही दोघं बारा वर्षं मंडळीच्या पंचकमिटीत एकत्र होतो. मी खजिनदार, ते हिशेब तपासणारे. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाल्यावर ते उभे राहिले आणि शांतपणे विचारलं, "सुगीच्या सणाच्या लिलावातले चार हजार दोनशे रुपये छप्पर दुरुस्तीच्या निधीत दिसत नाहीत. ते कुठे आहेत?"

एवढंच. आवाज चढलेला नव्हता, आरोप नव्हता. पण माझ्या कानशिलं तापली. सगळ्या मंडळीदेखत मला विचारतात? मी उभा राहून म्हणालो, "इतकी वर्षं देवाच्या पैशाला हात लावतोय, एका पैशाचा डाग नाही. संशय असेल तर सरळ सांगा." लोकांना वाईट वाटलं, माझ्यासाठी. कोणी म्हणालं, "गुरुजी, आता पुरे." कोणी टाळी वाजवली. गुरुजी खाली बसले. पुढच्या महिन्यात त्यांनी हिशेब तपासणीचं काम सोडलं.

दोन महिन्यांनी वही जुळवताना मला ते चार हजार दोनशे सापडले. माझ्याच हाताने मी ते कब्रस्तानाच्या भिंतीच्या निधीत जमा केले होते. पैसा सुरक्षित होता, फक्त नोंद चुकली होती. मी ती नोंद दुरुस्त केली, योग्य खात्यात वर्ग केली, आणि कोणालाही सांगितलं नाही. मनाची समजूत घातली, की पैसे तर कुठे गेले नाहीत, मग सांगायचं काय? पैसा खरंच कुठे गेला नव्हता. पण एक माणूस सगळ्यांसमोर खोटा ठरला होता, आणि ती नोंद मी दुरुस्त केली नव्हती.

असं तीन वर्षं चाललं. दर रविवारी दानार्पणाच्या थैल्या माझ्या हातात येत होत्या. मी पैसे मोजत होतो, सही करत होतो. प्रभूभोजन घेत होतो.

तर त्या बुधवारी मी घाईने बाहेर आलो. गाडीचं तोंड गल्लीच्या आतल्या बाजूला होतं, वळवायची होती. उतरून, ढकलून वळवता आली असती. पण गुरुजी दारातून बघत असतील, असं वाटलं. मग बसूनच वळवायला गेलो. हँडल पूर्ण उजवीकडे, पहिला गियर, चालायच्या वेगाने. पुढे कंपाउंडची भिंत आली, आणि मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला.

ज्यांनी जड गाडी चालवली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. वेगात असताना गाडी स्वतःला बरंचसं सावरून घेते. हँडल जरासं इकडे तिकडे केलं की तोल परत येतो. चालायच्या वेगाला ती सोय राहत नाही, सगळा तोल चालवणाऱ्याच्या पायावर येतो. त्यात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की सगळं वजन वळलेल्या बाजूला जातं. मी उजवा पाय टेकवला, तो खडीवर घसरला. एका ठरावीक कोनापर्यंत माणूस गाडी धरून ठेवू शकतो, त्याच्या पुढे दोन पैलवान लागले तरी ती जाते. मी निदान पाय काढून घेतला, एवढी बुद्धी झाली. उजव्या बाजूला तापलेला सायलेन्सर असतो. लेगगार्ड खडीवर आदळला, इंजिन बंद पडलं, आणि गाडी आडवी झाली.

ताशी ऐंशीच्या वेगाने नाही. हायवेवर नाही. प्रार्थना सभेच्या दारात, चार-पाचच्या वेगाने, आमेन म्हणून झाल्यावर पाच मिनिटांत.

मग मी केलं ते बहुतेक सगळे करतात. गाडीकडे तोंड करून वाकलो, हँडल धरलं आणि कंबरेच्या जोरावर ओढलं. वीतभर उठली, घसरली, पुन्हा पडली. दुसऱ्यांदा ओढलं, कंबरेत कळ आली. रागाने मागच्या टायरला लाथ मारली. गणनाच्या बाविसाव्या अध्यायातला बलाम आठवतो ना? त्याची गाढवी अडचणीच्या वाटेत त्याच्याखाली बसली, तर तो तिलाच काठीने मारत सुटला. पुढे काय उभं आहे ते जनावराला दिसत होतं, संदेष्ट्याला नाही. मला तेव्हा बलाम आठवला नाही. एवढंच वाटत होतं, की आतून कोणीतरी यावं, कोणीही चालेल, फक्त ते नकोत.

तेच आले.

पत्र्याच्या छपराखाली क्षणभर थांबले, चष्मा पुसला, आणि पायजमा वर धरून चिखलातून आले. म्हणाले, "सरका. आधी चावी बंद करा."

चावी चालूच होती. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आणि पेट्रोलचा वास येत होता. मी बंद केली.

गुरुजींनी सगळी नोकरी राजदूतवर केली आहे. वाड्यावस्त्यांच्या शाळा, पावसाळ्यातले रस्ते. गाडी किती वेळा पडली असेल, याचा हिशेब त्यांनी तरी कुठे ठेवला असेल! ते मुलांना शिकवावं तसं सांगत होते, माझ्याकडे न बघता.

"उजवीकडे पडली आहे ना? मग आधी पलीकडे जाऊन साइड स्टँड बाहेर काढा. नाहीतर उचलून उभी कराल आणि तिकडे पाडाल." मी काढला.

"गियरमध्येच राहू द्या, म्हणजे चाक फिरणार नाही."

"हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. आता गाडीकडे पाठ करा. पाठ! तोंड नाही. सीटच्या कडेला बूड टेकवा. डाव्या हाताने खालची मूठ धरा. मी मागचा दांडा धरतो. गुडघे वाकवा, कंबर वाकवू नका. आणि ओढायचं नाही, मागे चालायचं. बारीक पावलं टाकायची."

आम्ही दोघं गाडीला पाठ लावून शेजारी शेजारी टेकलो. तोंडं दोघांचीही समोरच्या भिंतीकडे. तीन वर्षांत आमचे खांदे इतके जवळ आले नव्हते. ते म्हणाले, "हं, चला." आणि आम्ही उलटी पावलं टाकत गेलो, एक, दोन, तीन. जी गाडी माझ्या एकट्याच्या ताकदीने हलेना, ती आमच्या पाठींवर अलगद वर आली आणि पलीकडे स्टँडवर टेकली.

मी लगेच सुरू करायला गेलो. "थांबा," ते म्हणाले. "आडवी पडली होती. पाच-दहा मिनिटं उभी राहू द्या. ब्रेकची लिव्हर बघा, वाकली आहे. ब्रेक लागतोय का ते आधी तपासा, मग निघा."

प्रियांनो, ती दहा मिनिटं परमेश्वराने मला दिली होती, असं मी आज म्हणतो. आम्ही दोघंच उभे होतो. आत लोक चहा पीत होते. बोलायला यापेक्षा चांगली वेळ आली नसती. आणि मी काय बोललो? "यंदा मृगाने वेळेवर हजेरी लावली." ते म्हणाले, "हो. पाय भाजला नाही ना?" मी म्हणालो, "नाही." नंतर गाडी सुरू केली आणि निघून गेलो. धन्यवादसुद्धा नीट म्हटलं नाही.

गाडी एकदा पडली. मी त्याच जागी दोनदा पडलो, आणि दुसऱ्या वेळी तर वेग शून्य होता.

गुरुवारी सकाळी मी पुढच्या वाचनाची तयारी करायला बसलो आणि निर्गम तेवीस समोर आला. तो अध्याय येणार हे मला माहीत होतं, तरी मन चरकलं. आता तीन गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. गाढवाच्या या आज्ञेच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. पहिल्या वचनात खोटी अफवा पसरवू नका, खोटे साक्षीदार होऊ नका. दुसऱ्यात पुष्कळ लोक एका बाजूला गेले म्हणून न्याय बिघडवायला त्यांच्यामागे जाऊ नका. पुढे सहाव्यात गरिबाचा न्याय विपरीत करू नका, आठव्यात लाच घेऊ नका. सगळा न्यायसभेचा विषय आहे. त्याच्या बरोबर मध्ये हे गाढव पडलेलं आहे. म्हणजे हा द्वेष करणारा कोण असावा? कोणी परदेशी शत्रू नव्हे, तर ज्याच्याशी आपला वाद चालू आहे, जो सभेत आपल्या विरुद्ध उभा राहिला, तोच. त्याच गावचा, त्याच वाटेने जाणारा. आपल्याकडे कोर्टाच्या तारखेला भेटतो आणि मग एकाच एसटीने परत येतो, तसा. आणि दुसरं वचन तर माझ्या वार्षिक सभेचंच इतिवृत्त आहे. पुष्कळ लोक माझ्या बाजूला होते. टाळी वाजली होती.

दुसरी गोष्ट. हीच आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पुन्हा येते. गाढव वाटेवर पडलं आहे, डोळेझाक करू नकोस, उचलायला मदत कर. पण एक शब्द बदलला आहे. निर्गमात ते द्वेष करणाऱ्याचं गाढव आहे, अनुवादात भावाचं. रस्ता तोच, ओझं तेच, गाढव तेच. मोशे म्हातारा झाला, चाळीस वर्षं लोकांना घेऊन रानातून चालला, आणि त्या माणसाला आता भाऊ म्हणू लागला. मला तर असं वाटतं, की ज्याच्याबरोबर आपण एकदा गाढव उचललं, त्याला जुन्या नावाने हाक मारणं पुढे जमत नाही.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. दोन्ही ठिकाणी मूळ इब्रीत एक छोटा शब्द आहे, इम्मो. त्याचा अर्थ त्याच्याबरोबर. यहुदी रब्बींच्या चर्चांचा मिश्ना नावाचा जुना संग्रह आहे, इसवी सन २०० च्या सुमाराचा. त्यात या शब्दावरून एक प्रश्न घेतला आहे. समजा गाढवाचा मालक बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, आज्ञा तुला आहे ना, मग तूच उचल. तर वाटसरूने काय करायचं? उत्तर असं, की मग वाटसरू मोकळा झाला. कारण आज्ञेत त्याच्याबरोबर असं म्हटलं आहे. मालकाने हात लावलाच पाहिजे. मालक म्हातारा किंवा आजारी असेल तर गोष्ट वेगळी, मग एकट्यानेही उचलावं लागेल. पण धडधाकट मालकाला बसून राहता येत नाही.

याच आज्ञेवर पुढे तालमूदात आणखी एक विचार येतो. मित्राच्या जनावराचं ओझं उतरवायचं आहे आणि वैऱ्याच्या जनावरावर ओझं चढवायचं आहे, दोघेही एकदम समोर आले, तर आधी कोणाकडे जायचं? खरं तर ओझ्याखाली दबलेलं जनावर आधी सोडवायला हवं. तरी रब्बी म्हणतात, आधी वैऱ्याकडे जा, कारण त्यामुळे तुझ्या मनाची खोड मोडेल. गाढवाचं काय व्हायचं ते होईल, पण त्या निमित्ताने परमेश्वर माणसालाही वाकवतो.

हे वाचलं आणि मला गल्लीतला तो क्षण दिसला. गुरुजी त्या चिखलात आले ते मला मोकळं करायला नाही, माझ्याबरोबर उचलायला. "मूठ तुम्ही धरा, दांडा मी धरतो." मी बाजूला उभा राहून त्यांचा आणि गाडीचा तमाशा बघितला असता तर गाडी उठली नसती. आणि माझ्या लक्षात आलं, की गेली तीन वर्षं मी नेमका तो बसून राहिलेला मालक होतो. ओझं माझं, गाढव माझं, पाडलेलंही मीच. आणि प्रार्थनेत म्हणत होतो, प्रभू, आमच्यातला दुरावा तू काढ. प्रभू काय म्हणाला असेल? तू मूठ धर.

मग आणखी एक वचन मला सोडेना. मत्तय ५:२३-२४. तिथे प्रभू येशू वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाशी बोलतो. तुझ्या भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट वाचा. तुझं भावाविरुद्ध काही असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाचं तुझ्याविरुद्ध असेल तर, असं म्हणतो. आणि मी तर दर रविवारी सगळ्या मंडळीचं अर्पण हातात घेऊन उभा राहणारा माणूस!

शनिवारी दुपारी मी त्या वर्षाची वही पिशवीत घातली आणि निघालो. स्कूटरवरून. त्यांच्या दारात पाच मिनिटं उभा राहिलो असेन. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, त्यातलं काहीच आठवलं नाही. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "गुरुजी, ते चार हजार दोनशे इथे आहेत. माझी चूक होती. मला दोन महिन्यांतच सापडली होती. मी सांगितलं नाही."

त्यांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवलं, बेरीज तोंडाने पुटपुटत खालपर्यंत आले. मग म्हणाले, "हे मला पुढच्या वर्षीच्या छापील अहवालातच दिसलं होतं. भिंतीचा निधी चार हजार दोनशेने कमी झाला आणि छपराचा तेवढ्यानेच वाढला. तिसरीच्या पोराला कळेल."

मी गप्प. शेवटी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाही?"

ते म्हणाले, "मी एकदा बोललो होतो. आता तुम्ही बोलायचं होतं."

आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. या वेळी मी घेतला. जाताना गुरुजींनी विचारलं, "ब्रेकची लिव्हर बदलली का?" मी म्हणालो, "सोमवारी बदलतो." ते म्हणाले, "बदला. वाकलेली लिव्हर सरळ करायला जाऊ नका, मोडते."

एवढंच झालं. आम्ही गळ्यात पडलो नाही, रडलो नाही. तीन वर्षांत त्यांनी जे सोसलं, ते एका चहाने भरून आलं असं मी म्हणणार नाही. त्यांचा अपमान चार भिंतींत झाला नव्हता, भर सभेत झाला होता. म्हणून माफी चार भिंतींत मागून भागणार नाही. पाळकसाहेबांशी बोललो आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर मी मंडळीपुढे उभा राहणार आहे, वही हातात घेऊन, आणि त्या दिवशी कोण बरोबर होतं ते सांगणार आहे. खजिनदाराचं काम माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते मंडळीने ठरवावं. हे लिहिताना पोटात गोळा आला आहे, खोटं कशाला सांगू? पण गाडी आडवी पडली की ती आपोआप उठत नाही, आणि जितकी पडून राहील तितकं पेट्रोल गळत राहतं.

वाचकांनो, तुमचंही काही पडलेलं असेल. बहुतेक ते मोठ्या वेगात पडलेलं नसेल. घराच्या दारात, भावाच्या ओट्यावर, मंडळीच्या सभेत, चालता चालता पडलेलं असेल. सासूला बोललेला एक शब्द, भावाला न दिलेला एक हिशेब, मित्राचा न उचललेला फोन. लहान म्हणून आपण ते तसंच सोडतो. आज एक करा. गाडी कोणाची आहे, ते आधी स्वतःला विचारा. दुसऱ्याची असेल तर त्याच्याशी वाद असला तरी थांबा. तुमची असेल तर बसून राहू नका, मूठ धरा. आणि मदतीला नेमका तोच माणूस आला, ज्याचं तोंड तुम्हाला बघायचं नव्हतं, तर त्याला परत पाठवू नका. त्याला कोणी पाठवलं आहे, याचा विचार करा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, मी पडलो तेव्हा तू दुरून हसला नाहीस. तू माझ्याजवळ चिखलात आलास, आणि ज्याला मी टाळत होतो त्याच्या हाताने मला उचललंस. माझी चूक लपवून मी तुझ्या सेवेत उभा राहिलो, त्याची मला क्षमा कर. माझ्यामुळे ज्याला खाली बसावं लागलं, त्याला लोकांसमोर पुन्हा उभं कर. येत्या रविवारी माझी जीभ अडखळू देऊ नकोस, आणि अडखळली तरी खरं तेच बोलू दे. आणि हे वाचणारा जो कोणी आज एकट्याने ओढून ओढून थकला आहे, त्याला पाठीला पाठ लावणारा कोणीतरी पाठव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन: निर्गम २३:१०-१९